बारा मिनिटांची रात्र

३ मार्च

ठमे,

तुला भरभरून आशीर्वाद. पहिलं हे सांगते की पाटी नीट पोचली, फुटलीबिटली नाही. मी पाटीच म्हणणार. खालच्या मजल्यावरची सिस्टर म्हणते, "अहो, टॅबलेट म्हणा." मी म्हटलं, टॅबलेट वॉर्डात तुम्ही वाटायच्या, मी नुसतं पाणी धरायची. या वयात मला पाटी मिळाली, मिरवू दे की. तिसरीत सुटलेली पाटी सत्तरीत परत हातात आली!

फोन करते म्हणालीस, पण मला पत्रच बरं. फोनवर तू घाईत असतेस आणि मी नको ते बोलत बसते. मग ठेवल्यावर आठवतं की गुडघ्याचं सांगायचं राहिलंच. पत्र कसं, उशीखाली ठेवता येतं, दुपारी पुन्हा काढून वाचता येतं.

तर तुझं गाव. काय गं केलंयस! सिस्टरने चालू करून दिलं आणि आम्ही दोघी तोंडात बोट घालून बसलो. तळ्याकाठी पडझड झालेलं गाव आणि त्यात आपला तो टोपीवाला गवंडी, त्याच्याकडून एकेक घर उभं करून घ्यायचं. पहिल्या दिवशी मी त्याला तळ्यात पाडला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीत तोंड घालून अर्धा तास चालत होता, मला वाटलं रुसला. आता चांगला वळलाय. परवा सुताराच्या घराचा कोपरा पुरा केला. सिस्टर म्हणाली, ओळंबा चुकलाय. जळते मेली. तिच्या गावात अजून एक भिंत धड नाही.

पण बाई, तुझा सूर्य फार पळतो. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चोवीस मिनिटांत दिवस खलास! चहा ठेवावा तर गाळेपर्यंत दुपार टळलेली. त्यानंतर बारा मिनिटं रात्र. रात्री गवंड्याला काम करता येत नाही, विटा दिसत नाहीत म्हणतो. सिस्टर काय करते, अंधार पडला की त्याला घरात नेते, बिछान्यावर आडवा करते, आणि झटक्यात कोंबडा आरवतो. म्हणते, "संपली रात्र. आयुष्यभर रात्रपाळी केली, आता इथेही करू होय?"

मला नाही जमत. मी त्याला निजवत नाही. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात आया होते, त्यातली वीस तरी रात्रपाळीची. सगळे झोपलेले असताना एकाने जागं राहायचं, हे हाडात मुरलंय. गाव निजलंय आणि गवंडीही निजला तर कुणाला पाणी लागलं तर काय? तू हसशील. हस. मी त्याला तळ्याच्या धक्क्यावर उभा करते आणि बारा मिनिटं बघत बसते.

रात्र फार छान केलीयस गं. दिवसापेक्षा छान.

एक विचारायचं होतं. तळ्याकडच्या शेवटच्या घराच्या पायरीवर रात्री एक बाई येऊन बसते. दिवसा ती कुठेच दिसत नाही. कोण आहे ती?

तुझी,
आजी


१४ मार्च

आजी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. तळ्यात पडलेल्या गवंड्याचं वाचून इतकी हसले की वरून कुणीतरी वाकून पाहिलं.

आता माझी गोष्ट ऐक. आम्ही हा गेम अजून विकायला काढलेला नाही. चार हजार माणसांना नुसता खेळून बघायला दिलाय, तू आणि सिस्टर त्यातल्याच. कोण किती वेळ खेळतं, कुठे कंटाळतं, ते आमच्याकडे आकड्यांत दिसतं. गेल्या आठवड्यात साहेबांनी आकडे भिंतीवर लावले. चार हजारांपैकी जवळजवळ प्रत्येकाने रात्र पडल्यावर मिनिटभरात गवंड्याला झोपवलंय. साहेब म्हणाले, "जे कुणी बघतच नाही ते ठेवायचं कशाला? संध्याकाळ झाली की थेट सकाळ करू."

आजी, या गावातला उजेड-अंधार मी करते. दिवस आम्ही तिघांनी मिळून केलाय. रात्र माझी एकटीची आहे. तीन वर्षं लागली मला त्या बारा मिनिटांना. १० एप्रिलला बैठक आहे, त्या दिवशी तिचा निकाल लागेल.

पण आकड्यांत एक गंमत होती. एका खेळाडूने एकेचाळीस रात्री काढल्या होत्या आणि एकदाही झोप घेतली नव्हती. सगळे म्हणाले, मशीन बिघडलंय, नाहीतर कुणीतरी चालू ठेवून विसरून गेलंय. मी नीट पाहिलं. त्या खेळाडूचा गवंडी धक्क्यावर उभा राहून दर रात्री मान वळवत होता. मग मी क्रमांक तपासला. तूच की ती!

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. रात्री तुला काय काय दिसतं ते सगळं लिहून पाठव. तुझ्या शब्दांत, जसं दिसेल तसं. मला ते बैठकीआधी वाचून दाखवायचंय. तुझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

त्या बाईचं विशेष काही नाही. पायरी मोकळी दिसत होती म्हणून बसवली. ते नाही लिहिलंस तरी चालेल.

गुडघ्याला तेल लाव. नुसतं लिहू नकोस, लाव.

तुझी,
ठमी


२२ मार्च

ठमे,

मला साक्षीदार केलंस! सिस्टरला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती उठून गेली.

आता रात्रीचा रिपोर्ट. वॉर्डात सकाळी पाळी सोडताना आम्ही सिस्टरला तोंडी सांगायचो ना, चार नंबर झोपला नाही, नऊ नंबरने दोनदा पाणी मागितलं, तसाच सांगते. घड्याळ समोर ठेवून बसले होते.

पहिल्या मिनिटाला खिडक्या मालवायला लागतात. सगळ्या एकदम नाहीत. मास्तरांची आधी, शिंप्याची सगळ्यात शेवटी. शिंप्याच्या खिडकीत सावली हलते, म्हणजे त्याचं शिवण संपलेलं नसतं. तिसऱ्या मिनिटाला भटारखान्याजवळचा कुत्रा उठून जागा बदलतो. आधी मला कळेना, मग उमजलं. भट्टीची भिंत एका बाजूने गार होत जाते, तो उबेकडे सरकतो. शहाणा आहे हो. चौथ्यानंतर तळ्याचं पाणी ऐकू यायला लागतं. ते दिवसाही वाजत असणार, पण दिवसा कोण ऐकतंय. सहाव्याला रस्ता झाडणारा म्हातारा जातो, झाडू खांद्यावर, झाडत मात्र नाही. घरी चाललाय की कामावर, ते काही मला ठरवता आलं नाही. आठव्याला ती बाई येते. अकराव्याला आत जाते. बाराव्याला उजवीकडे राखेच्या रंगाचं काहीतरी दिसतं आणि मग उजाडतं.

एक चूक सांगू? रागावू नकोस. तुझी रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी आहे. खरी रात्र तशी नसते. तीनच्या सुमाराला ती जड होते. वॉर्डात पंखा तोच, दिवा तोच, पण अंगावर कुणी ओलं घोंगडं टाकावं तसं होतं. माणसं त्याच वेळी जास्त घाबरतात. तुझ्या नवव्या मिनिटाला वारा पडायला हवा. करून बघ.

आणि त्याच वेळी सगळे वेळ विचारतात. "मावशी, किती वाजले?" आता अडीच वाजलेत म्हणून सांगितलं तर त्या माणसाने पुढचे चार तास काढायचे कसे? त्यामुळे आम्हा जुन्या आयांचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता. रात्रीच्या पेशंटला खरी वेळ सांगायची नाही. "झालंच, उजाडतंय" म्हणायचं. एक सुतार होता, पाय कापलेला. रोज तीनला हंबरडा फोडायचा. मी काय करायची, बॉयलरच्या खोलीबाहेरचा पिवळा बल्ब लावायला रखवालदाराला सांगायची, पडदा अर्धा सरकवायची आणि चहाच्या गाडीवरचे कप उगाच वाजवायची. कप वाजले की माणसाला वाटतं सकाळ झाली. सुतार शांत झोपायचा. खरी सकाळ व्हायची तेव्हा घोरत असायचा. म्हणजे बघ, तू पगार घेऊन सकाळ करतेस, मी फुकट करायची.

ती बाई लिहू नकोस म्हणालीस, पण रिपोर्टमध्ये खाडाखोड करायची मला सवय नाही. ती डावा पाय दुमडून बसते, उजवा सोडते आणि तळवा गुडघ्याखाली घालते. असं बसणारं माणूस मी जन्मात एकच पाहिलंय आणि ते माझ्या पोटचं होतं.

पायरी मोकळी होती म्हणे.

मला फक्त एवढं सांग, तुझी आई रस्त्याकडे पाठ करून का बसते? ती पाण्याकडे का बघते? तिला कुणाची वाट बघायची नाही का?

आजी


३१ मार्च

आजी,

तुझा रिपोर्ट मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. कुत्र्याशी आले तेव्हा कुणी हसलं नाही. तो कुत्रा मी एका दुपारी केला होता, कुणालाही न सांगता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वारा पाडलाय नवव्या मिनिटाला. तू म्हणतेस तसंच झालं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काय बदललंस? अंगावर येतंय."

आता दुसरं.

हो, ती आई आहे. रस्त्याकडे पाठ आहे कारण ती माझी वाट बघत नव्हती. तूच सांगितलं होतंस मला. "आई झोपेत गेली. शांत. तिला काही कळलंसुद्धा नाही." मी आठ वर्षांची होते. बाबा ट्रक घेऊन दूर गेलेले. त्या रात्री तू मला सिस्टरच्या घरी झोपवून पाळीवर गेलीस, आईच्याच वॉर्डात. सकाळी परत आलीस, मला पुढ्यात बसवलंस, वेणी घालायला घेतलीस. एक घातलीस आणि दुसरी घातलीच नाहीस. कंगवा खाली ठेवलास आणि सांगितलंस. दिवसभर मी एका वेणीने फिरत होते, आजी. लोक येत होते, जात होते, आणि मला सगळ्यात जास्त लाज त्या वेणीची वाटत होती.

एकवीस वर्षं मी विचारलं नाही. मला तुम्ही कुणी उठवलं का नाही? जिना उतरून दहा मिनिटांवर तर हॉस्पिटल होतं. आणि आईने एकदाही विचारलं नाही का, ठमी कुठेय? झोपेतल्या माणसाने कसं विचारायचं, असं मीच मला समजावत आले. पण तुझं ते कप वाजवण्याचं वाचल्यापासून माझा तुझ्या सांगण्यावर विश्वास राहिलेला नाही. ज्या बाईला खोटी सकाळ करता येते, तिला खोटं मरण सांगणं काय अवघड?

ती किती वाजता गेली? वेळ सांग. खरी.

ठमी


६ एप्रिल

ठमे,

पत्र पोचलं. सिस्टरचा पाय मुरगळलाय, तिचं बघावं लागतं. तिला जागेवर चहा दिला तर म्हणते साखर कमी, साखर घातली तर म्हणते मला मारायला निघालात. नळही गळतोय, माणूस उद्या येतो म्हणाला, तो उद्या काही उजाडत नाही.

पाटी दोन दिवस बंद आहे. चार्ज संपलाय.

चार्ज संपलेला नाही. मी लावली नाही.

लिहिते. जरा दम धर.

आजी


९ एप्रिल

ठमे,

आज दुपारी सिस्टरला विचारलं, सांगू का हिला? ती म्हणाली, "एकवीस वर्षं मी तोंड शिवून बसले ते तुमच्यासाठी. आता माझे टाके तोडा." म्हणून लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तीन वाजून दहा मिनिटं. रात्रीचे. झोपेत नाही.

खाट नंबर सात, खिडकीजवळची. ती मी मुद्दाम मागून घेतली होती. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन दिवस निघतील. दोन दिवस म्हणाले गं. म्हणून तुला सिस्टरकडे झोपवलं, म्हटलं पोरीला झोप मिळू दे, उद्या सकाळी आणू.

दोनच्या पुढे ती घाबरी झाली. श्वास लागत होता. तुला लिहिलं ना, रात्र जड होते तीच वेळ. माझा हात धरला आणि विचारलं, "आई, किती वाजले?"

मी आई नव्हते त्या क्षणी. मी आया होते. वीस वर्षांची सवय तोंडातून बोलली. म्हटलं, "झालंच, उजाडतंय." तिचा विश्वास बसेना. मग मी रखवालदाराला खूण केली. पिवळा बल्ब लागला. पडदा अर्धा सरकवला. गाडीवरचे कप वाजवले. सुतारासाठी करायची ते सगळं मी माझ्या लेकीसाठी केलं. आणि खरंच तिच्या चेहऱ्यावरची भीती उतरली. उजेड बघून हसली.

मग म्हणाली, "म्हणजे ठमी उठली असेल. तिला घेऊन ये, शाळेत जायच्या आधी."

बाहेर काळोख. पळत येऊन तुला उचलून न्यायचं, तर मी हात सोडला असता आणि ती एकटी राहिली असती. मी म्हटलं, "उठलीये. दूध पितेय. वेणी घालून आणते म्हणाली सिस्टर." ती म्हणाली, "दोन घालायला सांग. एक घातली की दिवसभर कुरकुरते."

मग ती दाराकडे तोंड करून पडली. तळ्याकडे नाही, ठमे. दाराकडे. विचारलं, "आली का?" मी म्हटलं, निघाली. जरा वेळाने पुन्हा, "आली का?" म्हटलं, फाटकाशी आहे. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. मी म्हटलं, "जिना चढतेय."

तेवढ्यात.

तिला एकवीस वर्षांत मी लाख वेळा खरी वेळ सांगितलीय मनातल्या मनात. ती हट्टी होती, तुला माहीत नाही किती. "तीन वाजलेत, ठमी सात वाजता येईल" असं सांगितलं असतं तर दात-ओठ खाऊन तिने चार तास काढले असते. मला असं वाटतं. मी सकाळ आधीच करून ठेवली, मग तिला थांबायला काही उरलंच नाही.

घरी आले ती तिने सांगितलेलं काम करायला. दोन वेण्या. एक घातली. दुसरीला केस हातात घेतले आणि हात चालेना. म्हणून कंगवा ठेवला. आणि तू वर बघितलंस तेव्हा तोंडातून पुन्हा आयाच बोलली. शांत गेली, झोपेत, कळलं नाही. पेशंटच्या माणसांना सांगायचं वाक्य. तेही पाठ होतं मला.

तुला काय बोलायचं ते बोल. फोन कर, पत्र लिही, नाहीतर काहीच करू नकोस. उद्या तुझी बैठक आहे, हे पत्र त्याच्या आधी पोचणार नाही. बरंच आहे ते.

आजी


२ मे

आजी,

तुझं पत्र चार दिवस मी टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं, वाचून झाल्यावर. फार राग आला होता. तुझ्यावर, बल्बवर, त्या रखवालदारावर, दोन दिवस म्हणणाऱ्या डॉक्टरवर. पाचव्या दिवशी पुन्हा वाचायला घेतलं. "जिना चढतेय" पर्यंत येते आणि थांबते. रोज तिथपर्यंत येते.

ती सातपर्यंत थांबली असती का, ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तू काही चुकली नाहीस, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तेही पेशंटच्या माणसांना सांगायचं वाक्य होईल. पण एकवीस वर्षं माझी समजूत होती की आईने मला विचारलंच नाही. तिने तीनदा विचारलं. माझ्या वेणीसकट विचारलं. हे तू मला दिलंस, उशिरा का होईना.

बैठकीचं सांगायचं राहिलं. साहेबांनी तुझा रिपोर्ट मागून घेतला आणि स्वतः एक रात्र पुरी बघितली, धक्क्यावर उभं राहून. मग म्हणाले, "निजणाऱ्यांना निजू दे. जागणाऱ्यांसाठी असू दे." रात्र राहिली, आजी. बाराची नऊ मिनिटं झाली, तीन मला सोडावी लागली. शिंप्याच्या खिडकीची वेळ कमी केली, झाडूवाल्याला जरा भरभर चालवलं. कुत्र्याला हात लावू दिला नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत मात्र मी बदल केलाय. ऑफिसातला एक जण येऊन सांगून गेला की माझ्या सकाळमध्ये काहीतरी बिघाड आहे, उजेड चुकीच्या वेळी येतोय. मी म्हटलं, असू दे, तो तसाच यायचाय.

आज सकाळी नवीन गाव तुझ्या पाटीवर पाठवलंय. गवंड्याला निजवू नकोस. या वेळी त्याला धक्क्यावर नको, शेवटच्या घरासमोर उभा कर.

आणि सुट्टी मिळालीय. वीस तारखेला येते. कंगवा माझा मी आणीन, तुझ्या कंगव्याला दात नाहीत.

ठमी


११ मे

ठमे,

काल पाटी लावली. सिस्टर आली होती, लंगडत, काठी घेऊन. म्हणाली, मला बोलावलं नसतंत तर मी आयुष्यात बोलले नसते. दोघी खाटेवर बसलो, पाटी मध्ये.

खिडक्या मालवल्या. कुत्रा उबेकडे सरकला. सिस्टरने तो पहिल्यांदाच बघितला, म्हणाली, "अगंबाई, हा रोज असं करतो?" मी म्हटलं, तुम्ही निजता ना. मग वारा पडला. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिलाही ती वेळ ठाऊक आहे.

बाई येऊन बसली. डावा पाय दुमडून. या वेळी तोंड रस्त्याकडे.

मग पिवळा उजेड पडला. सूर्य येतो त्या बाजूने नाही, मागून कुठून तरी, बॉयलरच्या खोलीकडून यावा तसा. आणि कप वाजले. ठमे, कपांचा आवाज तू कसा गं बरोबर पकडलास? तू तर कधी वॉर्डात आली नव्हतीस. सिस्टरने माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

रस्त्यावरून पोरगी आली. तोंड न धुतलेली, दप्तर एका खांद्यावर, वेणी एकच. दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. एकेक पायरी चढली. चार पायऱ्या. मी मोजल्या. बाईने सरकून जागा केली, पोरगी पुढ्यात पाठ करून बसली आणि बाईने मोकळे केस हातात घेतले.

दुसरी वेणी तिने घातली. घाई केली नाही.

सिस्टर रडली. मी रडले नाही, मला बघायचं होतं. मग पिवळा उजेड विझला आणि पुन्हा काळोख झाला, पण दोघी तिथेच बसून राहिल्या. त्यांना काही पाणीबिणी नको होतं.

तेव्हा मी गवंड्याला घरी नेला. त्याचा बिछाना कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं, सिस्टरने दाखवला. त्याला आडवा केला. पहिल्यांदाच. बिचारा केवढा दमला असेल.

मी काही केलं नाही. सकाळ आपली आपण झाली.

वीस तारखेची वाट बघते. जिन्यातला दिवा गेलाय, सांभाळून चढ.

तुझी,
आजी